बिल्ल्यावरचा बाप्टिस्ट

फोर्ट हॅडलीच्या वर्कशॉपमध्ये सार्जंट मार्लिस स्टॅनेकच्या हाताखाली बावीस जण होते आणि त्यातले निम्मे तिला घाबरून असत. ती ओरडायची नाही. ट्रकखालून सरपटत बाहेर यायची, तेलकट बोटाने नुसता नट दाखवायची आणि विचारायची, "हा कोणी आवळला?" ज्याने आवळलेला असे त्याला पुढे काही ऐकायची गरजच उरत नसे. वय एक्केचाळीस, नोकरी बावीस वर्षांची, इराकच्या दोन फेऱ्या, एक घटस्फोट, डाव्या कानाने जरा कमी ऐकू येणं. मिसुरीतल्या त्या तळावर अशी माणसं पुष्कळ होती. तिच्यात वेगळं काय होतं, ते फक्त रविवारी कळायचं.

ती नेब्रास्कातल्या बोहेमियन शेतकऱ्यांच्या घरातली. पणजोबा युरोपातून आले ते देवाला तिकडेच ठेवून आले. गावाबाहेर त्या लोकांची वेगळी दफनभूमी होती. मक्याच्या शेतांमध्ये चाळीस-पन्नास दगड, एकावरही क्रूस नाही. घरात देवाच्या बाजूने कोणी बोलत नसे आणि देवाविरुद्धही नाही. त्यामुळे मार्लिसचं न मानणं हे बंड वगैरे काही नव्हतं. तिचं आडनाव जसं होतं, तसं ते होतं. आपल्यात काहीतरी कमी आहे, हे तिला एकोणिसाव्या वर्षी सैन्यात भरती होताना पहिल्यांदा सांगण्यात आलं.

"धर्म?" कारकुनाने विचारलं होतं.

"काही नाही."

"काही नाही असं लिहिता येत नाही. 'पसंती नाही' लिहितो."

"पसंती नाही म्हणजे ताटात बटाटा वाढा नाहीतर भात, काहीही चालेल, असं झालं. मला वाढूच नका म्हणतेय मी."

"बाई, तुमच्या मागे चाळीस जण उभे आहेत," कारकून म्हणाला आणि त्याने 'पसंती नाही' लिहिलं.

नाव, नंबर, रक्तगट आणि धर्म. गळ्यातल्या पत्र्याच्या बिल्ल्यावर एवढंच असतं. माणूस ओळखू येईनासा झाला तर त्यावरून ओळखायचा. मार्लिसने तो बिल्ला घातला आणि पुढची बरीच वर्षं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. "गोळ्या सुटायला लागल्या की आठवेल देव," असं बरोबरचे म्हणायचे. इराकमध्ये गोळ्या सुटल्या तेव्हा तिला ट्रकचा अडकलेला तिसरा गिअर आठवला. हे तिने कोणाला सांगितलं नाही, कारण सांगून बढती मिळत नाही.

बढतीसाठी तिने दोन वर्षं रंगरूटांना शिकवण्याची कामगिरी घेतली. इथेच, हॅडलीत. दर दहा आठवड्यांनी नवी तुकडी यायची. रविवारची सकाळ सगळ्या शिक्षकांनी एकाच पद्धतीने चालवलेली होती. कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, पण चालत आलेलं होतं. "प्रार्थनेला जाणारे डावीकडे! उरलेल्यांनी बादल्या उचला!" डावीकडच्यांना चर्चमध्ये थंड हवा, बिस्किटं, तासभर कोणाचं ओरडणं नाही. उरलेल्यांना बराकीची फरशी आणि संडास. मार्लिसने स्वतः एकोणिसाव्या वर्षी बादली उचलली होती. तरी आपल्या पाळीला तिनेही तेच वाक्य त्याच आवाजात म्हटलं.

एका रविवारी आर्कान्साचा एक किडकिडीत, कान पुढे आलेला मुलगा मधोमधच उभा राहिला. डुइट ओक्स.

"सार्जंट, मी घरी आईबरोबर चर्चला जायचो. पण मला त्यातलं काही पटत नाही. मी कुठे उभा राहू?"

"तुला फरशी घासायची आहे का, ओक्स?"

"नाही, सार्जंट."

"मग तू बाप्टिस्ट आहेस. पळ."

तुकडी हसली. ओक्सही हसला आणि डावीकडे पळाला. त्याच आठवड्यात बिल्ले ठोकायची यादी गेली. ओक्सच्या नावापुढचा धर्माचा रकाना रिकामा होता. मार्लिसने पेनने 'बाप्टिस्ट' भरलं, खाली सही केली आणि पुढच्या नावाकडे वळली.

सहा वर्षांनी तोच ओक्स कॉर्पोरल होऊन तिच्या वर्कशॉपमध्ये बदलून आला. कान तसेच, खांदे रुंद झालेले. पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना तिची ओळख करून दिली, "मला बाप्तिस्मा दिला तो ह्या सार्जंटनी. तोही बादलीच्या भीतीने."

मार्लिस म्हणाली, "बिल्ल्यावरचं ते बदलून का घेतलं नाहीस अजून?"

"गेलो होतो एकदा. मशीन बंद होतं. जाईन पुढच्या आठवड्यात."

तो पुढचा आठवडा कधी आला नाही. पण रविवारी दहा वाजता वर्कशॉपमधल्या कॉफीच्या खोलीत बसायला सुरुवात केली ती ओक्सनेच. आधी तो आणि मार्लिस, मग सिग्नलवाली स्पेशालिस्ट इनेझ पाझ, मग हळूहळू सात-आठ जण. तिथे काही फार मोठं चालत नसे. डोनट असायचे. कोणाची सासू म्हणायची की बाळाला बाप्तिस्म्याचं पाणी लावलं नाही तर ते नरकात जाईल. कोणाला तुकडीच्या जेवणाआधी मान खाली घातली नाही म्हणून सगळ्यांदेखत टोमणा बसलेला. "सार्जंट, आज तुमच्या देवळात कोणाची पूजा नाही?" असं वर्कशॉपमधले इतर विचारायचे. मार्लिस म्हणायची, "तुझी नाही एवढं नक्की."

पण एकदा पाझ बोलली. अफगाणिस्तानात तिच्यासमोर काय झालं ते, पहिल्यांदाच, तासभर. शेवटी मार्लिसने विचारलं, "हे तू कोणाला सांगितलंस?"

"कोणाला सांगणार? डॉक्टरला सांगितलं की फायलीत जातं, मग पुढची नेमणूक गेली. पाद्रीला सांगितलेलं कुठेच लिहीत नाहीत, पण पाद्री शेवटी डोळे मिटून हात धरतो. मला ते नको."

त्या दिवसापासून मार्लिसच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. चर्चच्या दारात एक फलक होता. कॅथलिक, बाप्टिस्ट, ज्यू, मुसलमान, बौद्ध, झाडा-चंद्राला मानणारे, सगळ्यांची वेळ आणि खोली त्यावर होती. त्यात आपली एक ओळ हवी. ती ओळ आली की तिथे बोललेलं कोणी लिहून घेणार नाही, आणि कॉफीच्या खोलीत चोरासारखं बसावं लागणार नाही.

तिने अर्ज केला. अर्जात एक रकाना होता, 'कोणत्या धर्मसंस्थेची शिफारस?' तो रिकामा म्हणून अर्ज परत आला. चर्चच्या कचेरीने सांगितलं, तुमचा धर्म नाही, तर आमच्याकडे कशाला येता? मग ती करमणूक विभागात गेली. तिथल्या बाईने कागद उलटासुलटा करून पाहिला. "तुम्ही बोलिंगची टीम आहात का?"

"नाही."

"मग हा श्रद्धेचा विषय झाला. चर्चच्या कचेरीत जा."

तीन वर्षांत तीन अर्ज परत आले. चौथा मात्र कॅप्टन अमंडसनने स्वतः बसून भरून घेतला. अमंडसन तळावरचा पाद्री, मिनेसोटाचा, उंच, थोडा पोक आलेला, भला माणूस. त्याने एका नागरी संघटनेचं शिफारसपत्र मिळवून दिलं, रकान्यात काय लिहायचं ते सांगितलं, आणि अर्ज मंजुरीसाठी तळाच्या प्रमुख कर्नलकडे पाठवला. "ह्या वेळी होईल, सार्जंट," तो म्हणाला.

त्याच एप्रिलमध्ये बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायचा मोठा ट्रक सरावाच्या रस्त्यावर ओढ्यात उलटला. चालवत होता ओक्स. वर्कशॉपमधलीच माणसं त्याचा देह काढायला गेली. मार्लिसही गेली. परत आल्यावर तिने ट्रकचे ब्रेक, स्टिअरिंग, टायर, सगळं स्वतः तपासलं. दोष कशात नव्हता. रस्त्याची कड खचली होती.

ओक्सचा एक कागद तिच्या कपाटात होता. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी डोनट खाता खाता त्याने तो लिहिला होता. 'माझं काही झालं तर प्रार्थना नको. बिल्ल्यावर बाप्टिस्ट आहे ते खोटं आहे, हे सगळ्यांसमोर सांगावं. सांगायचं स्टॅनेक सार्जंटनी, कारण चूक त्यांची आहे.' तेव्हा सगळे हसले होते. साक्षीदार म्हणून पाझने सही केली होती.

बुधवारी मार्लिसने तो कागद अमंडसनच्या टेबलावर ठेवला. त्याने तो दोनदा वाचला, चष्मा काढला.

"कागद खरा आहे, त्याबद्दल शंका नाही. पण कचेरीच्या नोंदीत बाप्टिस्ट आहे. आई बाप्टिस्ट आहे. ती आज आर्कान्साहून निघालीय."

"ती नोंद मी केली, कॅप्टन. पेनने. माझी सही आहे."

"तसं तुम्ही मला सांगितलंय मागे." त्याने कागद घडी घालून परत दिला. "उद्याच्या शोकसभेत बोला तुम्ही. दोन मिनिटं. त्याच्या कामाबद्दल बोला, स्वभावाबद्दल बोला. त्या एका शब्दाशिवाय काहीही बोला. कर्नल पहिल्या रांगेत आईशेजारी बसणार आहेत."

"आणि माझा अर्ज?"

"शुक्रवारी त्यांच्यासमोर येतोय."

मार्लिसने त्याच्याकडे पाहिलं.

"मी धमकी देत नाहीये, सार्जंट," अमंडसन म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मी फक्त वार सांगतोय."

गुरुवारी सकाळी ओक्सची आई वर्कशॉप बघायला आली. साठीला टेकलेली, चार मुलांतलं हे शेंडेफळ गमावलेली. चांगल्या कपड्यांवर पांढरा स्वेटर, हातात तपकिरी लिफाफा. मुलगा कुठे बसायचा, कुठली हत्यारं वापरायचा, सगळं तिने विचारलं. त्याच्या पेटीतले पाने एकेक करून हातात घेतले.

"घरी सायकलची चेन सुद्धा बसवता यायची नाही त्याला. मी म्हणायची, सैन्यात काय करणार आहेस, बटाटे सोलणार?"

"हायड्रॉलिक पंपात त्याचा हात धरणारा नव्हता कोणी, मॅम."

"हो का?" तिला फार बरं वाटलं. मग तिने लिफाफ्यातून बिल्ला काढला. "हे काल दिलं मला. बघ पोरी, मला चष्म्याशिवाय दिसत नाही. शेवटची ओळ वाच."

मार्लिसला वाचायची गरज नव्हती. तिने वाचली. "बाप्टिस्ट."

"घरून निघताना भांडला होता माझ्याशी. म्हणाला, आई, मला हे पटत नाही, मी आता चर्चला येणार नाही. त्या एका वाक्याने इतकी वर्षं माझी झोप घालवली. आणि हा वेडा पहिल्या दिवसापासून हे गळ्यात घालून फिरत होता. आईला सांगेल तर शपथ." ती बिल्ला अंगठ्याने पुसत राहिली. "तू ओळखायचीस त्याला. जायचा ना गं तो चर्चला?"

तो कागद मार्लिसच्या शर्टाच्या खिशात चार घड्या होऊन होता. पाझ पलीकडच्या बाकापाशी उभी होती आणि हातातलं काम थांबवून ऐकत होती.

"हो, मॅम," मार्लिस म्हणाली. "जायचा."

अकरा वाजता सभा झाली. पुढे ओक्सची आठवण म्हणून बूट, त्यात उलटी रोवलेली रायफल, वर हेल्मेट. दोनशे माणसं. अशा सभेच्या रिवाजाप्रमाणे हजेरी घेतली गेली. दोघातिघांनी हजर म्हणून आवाज दिला. मग "कॉर्पोरल ओक्स." कोणी बोललं नाही. "कॉर्पोरल डुइट ओक्स." तिसऱ्या खेपेला पूर्ण नाव, मधल्या नावासकट. आई तोंडावर हात धरून बसली होती.

अमंडसनने प्रार्थना सांगितली. दोनशे माना खाली गेल्या. शेवटच्या रांगेतल्या सहा तशाच राहिल्या. कॉफीच्या खोलीतली ती सहा माणसं समोर बघत होती, आणि समोर, बोलायची पाळी यायची वाट बघत मार्लिस उभी होती.

ती बोलली. ओक्स पंपाला कान लावून बिघाड सांगायचा, हे सांगितलं. थंडीत सगळ्यांच्या आधी येऊन तो हीटर लावायचा, हे सांगितलं. नवीन आलेल्याला कधी चिडवायचा नाही, हेही सांगितलं, आणि ते तर खोटंच होतं, तो सगळ्यांनाच चिडवायचा. मग ती थांबली. सभागृह इतकं शांत होतं की डाव्या कानातली तिची ती नेहमीची शिट्टी तिला स्पष्ट ऐकू येत होती. पुढच्या रांगेत आई मान हलवत होती, हो, असाच होता. तिच्या शेजारी कर्नल. मागे सहा जण.

"तो चांगला सैनिक होता," मार्लिस म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. दोन मिनिटंही पुरती झाली नव्हती.

बाहेर पडताना कर्नलने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "छान बोललात, सार्जंट. मोजकं." आईने तिला मिठी मारली. मागची रांग तोवर निघून गेलेली होती.

सोमवारी मंजुरी आली. खोली क्रमांक चार, रविवारी दहा ते अकरा, प्रमुख सार्जंट स्टॅनेक. फलकावर ओळ लागली, बौद्धांच्या खाली. अमंडसन मुद्दाम वर्कशॉपमध्ये आला, हात मिळवला, म्हणाला, "इतक्या वर्षांत मी असं कुठे पाहिलं नाही." पहिले चार रविवार माणसं मोजतात, पाचाच्या आत राहिली तर खोली दुसऱ्यांना देतात, तेवढं सांभाळा, असंही त्याने जाता जाता सांगितलं. त्या आठवडाभर वर्कशॉपमध्ये कोणी तिला टोमणा मारला नाही. तिच्याशी कोणी फारसं बोललंही नाही.

रविवारी ती साडेनऊलाच गेली. खोली चांगली होती, खिडकीतून कवायतीचं मैदान दिसायचं. तिने खुर्च्या गोल मांडल्या, डोनटचा डबा उघडून ठेवला. शेजारच्या खोलीत बायका गाण्याची तयारी करत होत्या.

दहा वाजून दहा मिनिटांनी पाझ आली आणि टोपी हातात धरून दारातच उभी राहिली.

"ये ना."

"मी बसायला नाही आले, सार्जंट. सांगायला आले. बाकीचे येणार नाहीत. न सांगता न येणं मला बरं वाटलं नाही."

मार्लिसने डब्याचं झाकण लावलं. "तू होतीस तिथे त्या गुरुवारी सकाळी. आईचं ऐकलंस तू. काय सांगायला हवं होतं मी तिला?"

"तिला तुम्ही जे सांगितलं तेच मीही सांगितलं असतं. त्याबद्दल कोणी काही म्हणत नाही." पाझ टोपी फिरवत राहिली. "पण नंतर सभेत? तिथे तुम्हाला आईने अडवलं का शुक्रवारने?"

मार्लिसने एक खुर्ची उगाच सरळ केली. गुरुवारपासून तिने स्वतःला हेच विचारलं होतं आणि दर वेळी उत्तर वेगळं आलं होतं. आईचा चेहरा आठवला की वाटायचं, आईमुळे. खांद्यावरचा कर्नलचा हात आठवला की तसं वाटायचं नाही.

"आईला बाजूला घेऊन नंतर सांगता आलं असतं," ती शेवटी म्हणाली. "ही खोली पुन्हा मिळाली नसती."

"तेच म्हणतेय मी."

"तुझ्यासाठीच हवी होती ही खोली, पाझ. तू बोललीस त्या दिवशीच मी..."

"माहीत आहे मला." पाझचा आवाज पहिल्यांदाच चढला. शेजारच्या बायका गायच्या थांबल्या. तिने आवाज खाली घेतला. "माहीत आहे, म्हणून तर. मी डॉक्टरला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगितलं. कॉफीच्या खोलीत, त्या तेलाच्या पिंपांच्या वासात. आता ते मी कोणाला सांगू, सार्जंट?"

तिने सलाम ठोकला नाही, सार्जंटला ठोकायचाही नसतो. टोपी घातली आणि ती गेली. शेजारी पुन्हा गाणं सुरू झालं.

मार्लिस अकरापर्यंत बसली. खोली अकरापर्यंत तिच्या नावावर होती. कोणी चुकून आलं तर दार उघडं असावं, असं तिला वाटलं. एक माणूस आला, त्याला लग्नाआधीचं मार्गदर्शन हवं होतं, ते सहा नंबरमध्ये होतं. मग तिने खिशातला ओक्सचा कागद काढला, उघडला, पहिली ओळ वाचली आणि पुन्हा घडी घातली. त्या आईचा पत्ता तिच्याकडे होता. पत्र लिहायला तिने दोनदा घेतलं होतं. 'प्रिय मिसेस ओक्स' च्या पुढे ते गेलं नव्हतं, आणि पुढेही जाणार नाही, हे तिला इथे बसल्या बसल्या कळलं.

अकरा वाजता चर्चचा मदतनीस सैनिक दर खोलीच्या दारात थांबत, हातातल्या पाटीवर लिहीत आला.

"चार नंबर. किती होते, सार्जंट?"

"एक."

त्याने पेन टेकवलं आणि वर पाहिलं. "तुम्हाला सोडून ना?"

"मला धरून."

तो जरा घुटमळला. "पहिलाच रविवार आहे," तो म्हणाला, एक आकडा लिहिला आणि पाच नंबरच्या दारात गेला.